कोडं अवघड की डोकं जड? गोंधळाचे आणि नशेचे इंग्रजी शब्द

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्त्या एका इंग्रजी कथेचा मराठी अनुवाद करताहेत. कथेतला एक वयस्कर वकील रात्रीच्या जेवणानंतर आलेलं पत्र वाचतो आणि टेबलावरून उठतो. वाक्य आहे: 'ही रोझ फ्रॉम द टेबल अ लिटल फडल्ड, बाय नो मीन्स ड्रंक, अँड थरोली परप्लेक्स्ड बाय द लेटर.' शब्दकोशात 'फडल्ड'पुढे गोंधळलेला आणि 'परप्लेक्स्ड'पुढेही गोंधळलेला. शेजारचे बिफडल्ड, मडल्ड, ॲडल्ड, बिविल्डर्ड उघडून पाहिले, तर तिथेही तेच. ड्रंक, इनिब्रिएटेड आणि इन्टॉक्सिकेटेड, तिघांनाही 'नशेत'. शेवटी त्यांनी लिहिलं, 'तो टेबलावरून थोडासा गोंधळलेला, अजिबात न प्यायलेला आणि पत्रामुळे पूर्णपणे गोंधळलेला असा उठला.' वाक्य वाचून त्यांचं त्यांनाच हसू आलं. आता विचारताहेत, की या शब्दांत खरा फरक काय?

माझी पंचवीसेक वर्षं अनुवाद करण्यात आणि दुसऱ्यांचे अनुवाद तपासण्यात गेली. कथा-कादंबऱ्या कमी, दवाखान्याचे कागद, कोर्टातले जबाब आणि विम्याचे दावे जास्त. त्या कागदांवर हे शब्द रोज भेटतात, आणि तिथे चूक झाली तर हसण्यावारी नेता येत नाही.

कोश चुकलेला नाही. तो माणसाची अवस्था सांगतो, ती अवस्था आली कुठून ते सांगत नाही. इंग्रजीत मात्र सगळी गंमत त्या 'कुठून'मध्येच आहे. म्हणून असा शब्द समोर आला की मी आधी एकच गोष्ट पाहतो: कोडं अवघड आहे, की डोकं जड आहे?

कोडं अवघड असलेल्यांची जात वेगळी. पझल्ड, परप्लेक्स्ड, बॅफल्ड हे तिघे तिथले. यांचं डोकं ठणठणीत असतं, किंबहुना जरा जास्तच चालू असतं. पझल्ड सगळ्यांत सौम्य. कपाळाला आठी पडते, मान किंचित कलते, आणि माणूस म्हणतो, 'हे असं कसं?' आपलं 'बुचकळ्यात पडणं' त्याच्यावर अगदी फिट बसतं. परप्लेक्स्डमध्ये काळजी मिसळते. त्याच्या मुळाशी विणणं, वेणी घालणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे. म्हणजे धागे एकमेकांत इतके गुंतलेत की सुटं टोक हाती लागत नाही. मराठीत आपण 'पेचात पडला' म्हणतो, आणि पेच म्हणजे मुळात पीळच. दोन्ही भाषांना एकच चित्र सुचलं, मग ते सोडून गोंधळाकडे कशाला जायचं? परप्लेक्स्ड माणसाला सहसा काहीतरी ठरवायचं असतं आणि ठरवता येत नसतं. नुसतं कुतूहल असेल तर पझल्ड पुरतो.

बॅफल्डला आधी प्रयत्न लागतो. सगळं करून पाहिलं आणि हात टेकले, तर बॅफल्ड. बातम्यांत पोलीस, डॉक्टर, शास्त्रज्ञ यांनाच हा शब्द का लावतात ते यातून कळेल: त्यांचं कामच उत्तर शोधणं, आणि उत्तर सापडत नाही. सोळाव्या शतकात हे क्रियापद शब्द मोडणाऱ्या सरदाराची जाहीर नाचक्की करण्यासाठी वापरत. आजच्या अर्थात ती नाचक्की उरलेली नाही, पण हरल्याची चव थोडी उरली आहे असं मला वाटतं.

याच घरात नॉनप्लस्ड नावाचा एक धोकादायक पाहुणा राहतो. लॅटिनमधल्या 'नॉन प्लुस'चा अर्थ 'यापुढे नाही'. म्हणजे बोलणं खुंटलं, पुढे काय करावं सुचेना. पण अमेरिकेत बरेच लोक तो नेमका उलट, 'जराही विचलित न झालेला' या अर्थाने वापरतात. लेखक कुठला आहे आणि पुढच्या वाक्यात पात्र काय करतं, हे पाहिल्याशिवाय या शब्दाला हात लावू नका.

आता एक छोटा प्रयोग करा. या तिघांना 'विथ ड्रिंक' जोडून पाहा. 'परप्लेक्स्ड विथ ड्रिंक'? 'बॅफल्ड विथ ड्रिंक'? कुणी म्हणत नाही. दारूने डोकं जड होतं, कोडं अवघड होत नाही. त्यामुळे दारूशी नातं असलेले गोंधळाचे शब्द सगळेच्या सगळे दुसऱ्या जातीत सापडतात, आणि तुमच्या वाक्यातला फडल्ड तिथलाच.

फडल हे क्रियापद सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत दिसू लागतं आणि त्याचा पहिला अर्थ सरळ 'पिणं, पिऊन तर्र होणं' असा आहे. ते आलं कुठून, हे नक्की सांगता येत नाही. डोकं गढुळण्याचा अर्थ त्यानंतरचा. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये 'फडलिंग कप' नावाची एक खोडकर मातीची वस्तू मिळायची. तीन किंवा जास्त छोटे पेले एकमेकांना चिकटवलेले, आणि त्यांच्या पोटातून आरपार छिद्रं. पाहुण्याला वाटतं, आपण एकच पेला उचललाय. पण पितोय तोवर शेजारच्या पेल्यांतली दारू छिद्रांतून आत येत राहते. एक रिकामा करायचा तर सगळेच रिकामे करावे लागतात. एव्हाना पाहुणा फडल्ड. शब्दाचा अर्थ इतक्या चोखपणे दाखवणारं भांडं मी दुसरं पाहिलेलं नाही.

बिफडल्ड हे त्याचंच वाढवलेलं रूप, एकोणिसाव्या शतकातलं. आरंभी तेही दारूशीच बांधलेलं होतं. पुढे दारू गळून पडली आणि धुकं तेवढं उरलं. आज अर्ज भरताना, नव्या यंत्राची बटणं दाबताना, म्हातारपणी नावं आठवताना माणूस बिफडल्ड होतो, थेंबही न घेता. फडल्ड मात्र अजून दारूच्या आसपासच रेंगाळतो आणि थोडा जुन्या वळणाचा वाटतो. म्हणून लेखकाने बिफडल्ड न लिहिता फडल्ड लिहिलं असेल, तर वकिलाच्या हातात जेवताना पेला होता हे त्याने सांगून टाकलंय. बिफडल्डसाठी मराठीत 'भंजाळलेला' किंवा 'बावचळलेला' मला आवडतात. फडल्डसाठी 'डोकं जड झालेला', 'किंचित झिंगलेला'.

मडल्डचं मूळ चिखलात आहे, अक्षरशः. मड म्हणजे चिखल, आणि मडल म्हणजे पाणी ढवळून गढूळ करणं. सतराव्या शतकात डोकंही दारूने मडल होऊ लागलं. आजही कॉकटेल बनवणारा पेल्यात पुदिना किंवा लिंबू ठेचतो त्या क्रियेला मडल करणं म्हणतात, पण त्याचा पिणाऱ्याच्या डोक्याशी संबंध नाही, निदान थेट नाही. वापरताना लक्षात ठेवायचा फरक असा, की बिफडल्ड माणूसच होतो. मडल्ड मात्र फायलीही होतात, युक्तिवादही होतात, सूचनाही होतात. 'मडल्ड थिंकिंग' म्हणजे विचारांची सरमिसळ. माणूस पूर्ण शुद्धीत असतो, वर आत्मविश्वासानेही बोलत असतो. इथे 'गढूळ विचार' असं सरळ लिहिलं तरी चालतं. कन्फ्यूज्डचंही मूळ चित्र जवळपास असंच, लॅटिनमध्ये 'एकत्र ओतणं'. पण तो शब्द इतका वापरून गुळगुळीत झालाय की चित्र पुसलं गेलंय. म्हणूनच तो कुठेही चालतो आणि त्यातून काहीच दिसत नाही. दवाखाना त्याला अपवाद, त्याबद्दल पुढे.

ॲडल्ड ऐकायला मडल्डचा भाऊ वाटतो, पण त्याला वास येतो. जुन्या इंग्रजीत त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ घाणेरडं, साचलेलं पाणी. मग तो नासलेल्या अंड्याला चिकटला: कोंबडी बसली, दिवस भरले, पिल्लू काही निघालं नाही, आत नुसता लगदा. तिथून तो माणसाच्या मेंदूवर आला. त्यामुळे फडल्ड सकाळी उतरतो, ॲडल्ड उतरत नाही. 'वर्षानुवर्षांच्या दारूने ॲडल्ड झालेला मेंदू' असं लिहितात, एका संध्याकाळच्या दोन पेल्यांसाठी नाही. उन्हाने किंवा नशेच्या गोळ्यांनीही मेंदू ॲडल होतो. या शब्दाला 'गोंधळलेला' म्हणणं म्हणजे नासलेल्या अंड्याला 'जरा वेगळं' म्हणण्यासारखं आहे. 'मेंदूचा पार लगदा झालाय' इथवर जायला हरकत नाही.

बिम्यूज्डमध्ये तंद्री आहे. 'म्यूज' म्हणजे विचारात हरवणं. अलेक्झांडर पोपच्या १७३५च्या एका कवितेत बिअरमध्ये बिम्यूज्ड झालेला एक पाद्री भेटतो, म्हणजे या शब्दानेही सुरुवातीलाच घोट घेतलेला आहे. नंतर तो 'काहीसा चकित, काहीसा हरवलेला' यावर स्थिरावला. आता त्याला नवीनच दुखणं लागलंय. अम्यूज्डशी उच्चार जुळतो म्हणून लोक 'गालातल्या गालात हसणारा' या अर्थाने तो सर्रास वापरतात, आणि काही कोशांनी हा अर्थ नोंदवूनही घेतलाय. जुना लेखक असेल तर तंद्री, नवीन वार्ताहर असेल तर गालातलं हसू, असा माझा ढोबळ हिशोब आहे. तो कधी कधी चुकतो.

फ्लस्टर्डचाही प्रवास असाच. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त इयागो पहाऱ्यावरच्या तरुणांना भरभरून पेले पाजतो आणि त्यांना 'फ्लस्टर' केल्याचं सांगतो. तिथे दारूने तापवणं, उधळायला लावणं असा अर्थ आहे. आजच्या फ्लस्टर्डमध्ये दारू नाही, फक्त ते तापलेपण राहिलंय. पाहुणे दारात, दूध उतू जातंय, फोन वाजतोय: ही तारांबळ म्हणजे फ्लस्टर्ड. गालावर लाली आणि हातात कापरं असल्याखेरीज हा शब्द शोभत नाही.

आणि ग्रॉगी. याची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. ब्रिटिश आरमारातल्या ॲडमिरल व्हर्ननच्या अंगावर ग्रोग्रॅम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा झगा असायचा, म्हणून खलाशी त्याला 'ओल्ड ग्रॉग' म्हणायचे. १७४० साली त्याने हुकूम काढला, की खलाशांना रोज मिळणारी अर्धा पिंट रम यापुढे एक क्वार्ट पाणी घालून, म्हणजे चौपट पाणी मिसळून द्यायची. खलाशांनी त्या पांचट पेयाला त्याचंच नाव चिकटवलं: ग्रॉग. ग्रॉग पिऊन झिंगलेला तो ग्रॉगी. मग पाय लटपटणारा घोडा ग्रॉगी झाला, ठोसे खाऊन झोकांड्या देणारा मुष्टियोद्धा ग्रॉगी झाला. आज औषधाच्या गुंगीतून किंवा दुपारच्या झोपेतून अर्धवट उठलेला माणूस 'आय फील ग्रॉगी' म्हणतो, तेव्हा त्याला रमची आठवणसुद्धा नसते. त्यामुळे 'शी वोक अप ग्रॉगी' या वाक्यात तिला दारू पाजू नका. मी एका अनुवादात पाजलेली पाहिली आहे. बाई भूल उतरून शुद्धीवर येत होती.

तिसरी जात उरली. इथे कोडंही नाही आणि डोकंही जड नाही. भोवतालचं जगच अंगावर येतं. बिविल्डर्डच्या पोटात 'विल्डरनेस'मधलंच रान आहे: वाट चुकवून रानात नेणं. आपल्याकडे याला चकवा म्हणतात. रात्री ओळखीच्याच वाटेने निघालेला माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो, तो चकवा. इतका नेमका शब्द घरात असताना अनुवादक बिविल्डर्डला 'गोंधळलेला' करतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. चकवा फारच ग्रामीण वाटत असेल तर 'भांबावलेला' घ्या. मोठ्या स्टेशनवर हात सुटलेलं मूल बिविल्डर्ड असतं. त्याला कुठलंही कोडं सोडवायचं नसतं, त्याला फक्त सगळीकडे पायच पाय दिसत असतात.

डिसओरिएंटेड म्हणजे दिङ्मूढ, आणि ही जोडी तर जुळ्यांची म्हणावी अशी. ओरिएंट म्हणजे पूर्व. ओरिएंट करणं म्हणजे पूर्वेकडे तोंड करून लावणं. ज्याची पूर्व हरवली तो डिसओरिएंटेड, ज्याच्या दिशा मूढ झाल्या तो दिङ्मूढ. फक्त मराठीत दिङ्मूढ पुढे 'आश्चर्याने थक्क' याकडे सरकला, त्यामुळे वैद्यकीय मजकुरात तो वापरता येत नाही. डेझ्डला मात्र धक्का लागतो. डोक्यावर मार बसला, अपघात झाला, वाईट बातमी आली आणि माणूस सुन्न झाला. डोळे उघडे, पण आत कुणी नाही.

आता नशेकडे वळू. इथे 'कुठून' हा प्रश्न सुटलेलाच असतो, बाटलीतून. त्यामुळे पाहायचं ते हे, की बोलतंय कोण.

ड्रंक हा साधा, घरचा शब्द. दोन गोष्टी सांभाळा. एक, ड्रंक सहसा क्रियापदानंतर येतो आणि ड्रंकन नामाआधी. 'ड्रंकन' फक्त माणसाला लागतो असंही नाही. भांडण, झोप, गाणं, शपथ, काहीही ड्रंकन असतं, म्हणजे नशेत केलेलं. 'ड्रंक ड्रायव्हर' हा रूढ अपवाद. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'ही इज ड्रंक' म्हणजे तो प्यायलाय. 'ही इज अ ड्रंक' म्हणजे तो दारुडा आहे. मध्ये फक्त एक 'अ'. एका जबाबाच्या अनुवादात हा 'अ' गळाला होता आणि साक्षीदार बाईंच्या तोंडी आलं, 'माझा नवरा त्या रात्री प्यायलेला होता.' त्या बोलत होत्या त्याच्या वीस वर्षांच्या सवयीबद्दल. समोरच्या वकिलाने लगेच विचारलं, 'म्हणजे त्या एकाच रात्री ना?' सुदैवाने मूळ कागद जोडलेला होता.

टिप्सी म्हणजे कललेला. 'टिप' म्हणजे तिरकं होणं, आणि टिप्सी माणूस अजून पडलेला नाही, तिरका झालाय. बोलणं वाढलंय, हसू सैल झालंय. मराठीत 'थोडी चढलीय'. त्यापुढे ड्रंक. त्यापुढे ब्रिटिशांचा लेगलेस, म्हणजे पाय गेले, उचलून न्यावा लागतो.

इनिब्रिएटेडचा अर्थ ड्रंकपेक्षा वेगळा नाही, पोशाख वेगळा आहे. लॅटिन 'एब्रिउस' म्हणजे प्यायलेला, त्यावरून हा आला. त्याच 'एब्रिउस'ला नकार जोडून 'सोब्रिउस' झाला, आणि त्यातून सोबर. म्हणजे शुद्धीत असणं हे भाषेच्या दृष्टीने 'न प्यायलेलं असणं' आहे. पिणं मूळ, शुद्ध नंतर! इनिब्रिएटेड एक तर औपचारिक अहवालात येतो, नाही तर थट्टेत. बिल भरून मित्राला रिक्षात कोंबताना कुणी 'हा इनिब्रिएटेड आहे' म्हणत असेल, तर तो थट्टा करतोय. तिथे 'स्वारी मद्यधुंद आहे' म्हटलं की तीच थट्टा मराठीत उतरते.

इन्टॉक्सिकेटेड सगळ्यांत फसवा, कारण त्यात दारू मुळात नाहीच. त्यात विष आहे. ग्रीकमध्ये 'टॉक्सॉन' म्हणजे धनुष्य, आणि 'टॉक्सिकॉन' म्हणजे बाणाच्या टोकाला लावायचं विष. इन्टॉक्सिकेट म्हणजे विषबाधा करणं. दारूचा अर्थ त्यावर मागाहून बसला. वैद्यकात जुना अर्थ अजून जिवंत आहे. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका हुशार मुलाने 'वॉटर इन्टॉक्सिकेशन'चं भाषांतर 'पाण्याची नशा' असं केलं होतं. खोलीत हशा पिकला, पण त्याची चूक समजण्यासारखी होती. अतिशय कमी वेळात अतिशय जास्त पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियमचं प्रमाण घसरतं, मेंदूला सूज येते, आणि माणूस दगावूही शकतो. ती जलविषबाधा. नशेचा तिथे मागमूस नाही.

कायद्यातही हा शब्द दारूपुरता नसतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या कायद्यात इन्टॉक्सिकेटेडच्या व्याख्येत दारू, अमली पदार्थ, औषधं, सगळं बसतं. या कशानेही शरीरावरचा किंवा मनावरचा नेहमीचा ताबा गेला, किंवा रक्तातल्या अल्कोहोलचं प्रमाण ०.०८ टक्के किंवा अधिक निघालं, की माणूस इन्टॉक्सिकेटेड. इंग्लंडचा जुना कायदा मात्र साध्या ड्रंकवर भागवतो. तिथल्या १८७२च्या लायसन्सिंग ॲक्टमध्ये रस्त्यात प्यायलेल्या अवस्थेत घोडागाडी, घोडा, गुरं किंवा वाफेचं इंजिन ताब्यात बाळगणं हा गुन्हा आहे. गुरं हाकताना प्यायचं नाही, हे कुणाला तरी कायद्यात लिहावंसं वाटलं, म्हणजे प्रसंग घडत असणार.

'अंडर द इन्फ्लुअन्स' या शब्दप्रयोगाला मराठीने आधीच उत्तर देऊन ठेवलंय: अंमल. राज्याचा अंमल आणि नशेचा अंमल, दोन्हींसाठी एकच शब्द. 'दारूच्या प्रभावाखाली' असं आपण कोर्टाच्या कागदात लिहितो ते चूक नाही, पण ते इंग्रजीची सावली आहे. 'दारूच्या अमलाखाली' लिहा. सत्ता, यश, प्रेम यांनी इन्टॉक्सिकेटेड झालेल्या माणसाला नशेत वगैरे ठेवू नका. त्याच्यासाठी धुंदी, कैफ आणि मद आहेत. मद चढलेल्यावर टीका असते, धुंदीत असलेल्यावर नसते. तेवढी निवड लेखकाचा सूर पाहून करावी.

बोलभाषेतल्या शब्दांना तर अंत नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७३७ साली आपल्या 'पेन्सिल्व्हेनिया गॅझेट' या वृत्तपत्रात 'प्यायलेला' या एका अर्थाचे दोनशेहून जास्त शब्दप्रयोग छापले होते. आजचे हॅमर्ड, स्मॅश्ड, प्लास्टर्ड, वेस्टेड पाहा: हातोड्याने ठोकलेला, फोडलेला, गिलावा केलेला, नासाडी झालेला. इथे वाहतूक उलट्या दिशेने आहे. फडल, फ्लस्टर, ग्रॉगी हे दारूतून डोक्याकडे गेले. हे मोडतोडीतून दारूत आले. साचा इतका घट्ट बसलाय, की 'ॲब्सोल्यूटली' म्हणून कुठल्याही वस्तूच्या नावाला 'एड'चं शेपूट लावलं तरी इंग्रजी कान तो 'प्यायलेला' असाच ऐकतो. यांना एकास एक मराठी शब्द शोधत बसू नका. पात्र कुठल्या थरातलं आहे ते पाहून तर्र, टुन्न, टल्ली, फुल्ल यांतला एक उचला. टाइट तर इंग्रजी बोलीतूनच आपल्याकडे आलाय आणि आता इथलाच झालाय, तिकडे मात्र तो जुनाट वाटतो. स्टोन्ड म्हणजे आज गांजाची नशा, दारूची नव्हे. पिस्ड ब्रिटिशाच्या तोंडी 'प्यायलेला', अमेरिकनाच्या तोंडी 'भडकलेला'. या एका शब्दावर संवादच्या संवाद उलटे झालेले मी पाहिलेत.

आडून बोलणारेही आहेत. ब्रिटनमध्ये एखादा पुढारी 'टायर्ड अँड इमोशनल' होता असं छापलं, तर तो दमलेलाही नव्हता आणि भावुकही नव्हता. 'प्रायव्हेट आय' या उपरोधिक नियतकालिकाने १९६७ साली रूढ केलेलं ते 'प्यायलेला' याचं सोवळं रूप आहे. मॉडलिनमध्ये मात्र खरंच रडू आहे: बायबलमधल्या मेरी मॅग्डलीनला चित्रांत नेहमी रडताना दाखवत, तिच्या नावावरून हा शब्द पडला. दोन पेल्यांनंतर गळ्यात पडून 'तूच माझा खरा मित्र' म्हणत हुंदके देणारा तो मॉडलिन.

आता दवाखान्याकडे. सुरुवातीच्या काळातली माझी स्वतःची चूक सांगतो. एका रुग्णाच्या कागदावर होतं, 'पेशंट कन्फ्यूज्ड सिन्स मॉर्निंग.' मी लिहिलं, 'रुग्ण सकाळपासून गोंधळलेला आहे.' घरच्यांनी ते वाचलं आणि समजले, की शस्त्रक्रिया करावी की नाही याबद्दल रुग्णाचं मन द्विधा झालंय. ते समजूत घालायला बसले. डॉक्टरांना म्हणायचं होतं, की रुग्णाला आज वार कोणता, आपण कुठे आहोत, समोर कोण बसलंय हे सांगता येत नाही. वैद्यकातला कन्फ्यूज्ड कोड्याच्या जातीचा नाहीच, तो डोक्याच्या जातीचा आहे, आणि तो एक इशारा असतो. 'सकाळपासून भान नाही, वेळ-ठिकाण-माणसं ओळखत नाहीत' असं लिहिलं असतं, तर कुणी समजूत घालत बसलं नसतं.

याच कागदांवर डिलिरियम भेटतो. लॅटिनमध्ये 'लिरा' म्हणजे नांगराचा तास; तास सोडून भरकटणं म्हणजे डिलिरियम. बैल तास सोडून बांधाकडे निघाला की कसं दिसतं ते ज्याने पाहिलंय, त्याला याहून वेगळी व्याख्या लागणार नाही. वात होऊन बडबडणं हे आपलं जुनं नाव. पण 'डिलिरियम ट्रेमेन्स' आला की सावध व्हा. कंप, भास, घाबरगुंडी पाहून अनुवादक लिहितो 'दारूच्या नशेतला भ्रम'. नेमकं उलट आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की सहसा दोन ते चार दिवसांनी हा प्रकार सुरू होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. माणूस तेव्हा प्यायलेला नसतो, म्हणूनच आजारी असतो. घरच्यांच्या हातातल्या कागदावर 'नशेत' लिहिलं, तर 'उतरेल आपोआप' म्हणून ते घरी बसतील.

तुमच्या वाक्याकडे परत येतो. त्यात तीन तुकडे आहेत आणि तिघांची कारणं वेगळी. फडल्ड जेवणातल्या पेल्यांमुळे. 'बाय नो मीन्स ड्रंक' म्हणजे 'अजिबात न प्यायलेला' नव्हे. घेतली होती, पण तोल गेला नव्हता. लेखक इथे मुद्दाम मोजूनमापून बोलतोय, नाहीतर पुढे वकिलाने केलेली गोष्ट वाचक दारूच्या खात्यावर टाकेल. आणि परप्लेक्स्ड पत्रामुळे. त्या जड डोक्यातही विचार चालू आहे, धागा सापडत नाही इतकंच. मी असं लिहीन: 'तो टेबलावरून उठला तेव्हा डोकं थोडं जड झालं होतं, पण चढली मुळीच नव्हती, त्या पत्राने मात्र त्याला पुरतं पेचात टाकलं होतं.'